वाइम्स की ग्रॅनी? डिस्कवर्ल्डमध्ये शिरायचं कुठून

टेरी प्रॅचेटची डिस्कवर्ल्ड ही विनोदी फँटसी मालिका कुठून सुरू करू, असं कुणी विचारलं की बरेच चाहते ‘गार्ड्स! गार्ड्स!’चं नाव सांगून मोकळे होतात. ४१ कादंबऱ्या १९८३च्या ‘द कलर ऑफ मॅजिक’पासून क्रमानेच वाचायचा हट्ट धरू नये, हे मलाही पटतं. रिन्सविंड या पळपुट्या जादूगाराच्या त्या सुरुवातीच्या पुस्तकांत प्रॅचेटला विनोद सापडला होता, माणसं सापडायची होती. डेथ, म्हणजे साक्षात मृत्यू, हे पात्र मला फार प्रिय आहे, पण त्याच्या पुस्तकांत बरेचदा गोष्ट भलत्याच कुणाची तरी असते. सलग काही पुस्तकं त्याच त्या माणसांच्या संगतीत काढायची असतील तर माझ्या मते पर्याय दोनच: अंक-मॉर्पोर्क शहराची पोलीस तुकडी, म्हणजे वाइम्सची सिटी वॉच, किंवा लँकर या डोंगराळ राज्यातल्या ग्रॅनी आणि इतर चेटकिणी. दोन्ही मालिका मी पूर्ण वाचल्या आहेत, त्यातली काही पुस्तकं पुन्हा पुन्हा.

वॉचची पकड पहिल्या पुस्तकातच बसते. १९८९च्या ‘गार्ड्स! गार्ड्स!’मध्ये कुणालाच नकोशी झालेली रात्रपाळी आहे, दारूत बुडालेला कॅप्टन वाइम्स आहे, नॉबी आणि कोलन हे शिपाई आहेत, आणि कायद्याचं पुस्तक तोंडपाठ करून आलेला सहा फुटी कॅरट आहे, जो स्वतःला बुटका (ड्वार्फ) समजूनच वाढलाय. पुढे दर पुस्तकागणिक भरती होत जाते: ट्रोल, बुटके, वेअरवुल्फ अँग्वा, मातीचा गोलेम. त्यांच्याबरोबर शहरही बदलतं. एक काल्पनिक शहर वाचकाच्या डोळ्यांदेखत असं वाढताना मी दुसऱ्या कुठल्या विनोदी मालिकेत पाहिलेलं नाही. गुन्ह्याचा तपास हा सांगाडा असल्यामुळे पानंही भराभर उलटतात. ‘फीट ऑफ क्ले’मध्ये शहराच्या सत्ताधीशाला, व्हेटिनारीला, विष नेमकं कशातून दिलं जातंय, हे कळल्याशिवाय पुस्तक खाली ठेववत नाही.

आणि बूट. ‘मेन अ‍ॅट आर्म्स’मध्ये (१९९३) महिना अडतीस डॉलर पगाराचा वाइम्स हिशेब मांडतो: श्रीमंत माणूस पन्नास डॉलरचे बूट घेतो आणि ते वर्षानुवर्षं टिकतात. गरिबाला दहा डॉलरचेच परवडतात, ते झिजतात, पुन्हा घ्यावे लागतात. शेवटी त्याचे शंभर डॉलर जातात आणि पाय ओले ते ओलेच. वाइम्सच्या बुटांचे तळ तर इतके पातळ झालेत की अंधारात पायाखालच्या दगडांवरून तो कुठल्या रस्त्यावर उभा आहे ते सांगू शकतो. गरिबीबद्दल इतकं नेमकं लिहिलेलं कुठल्याही फँटसीत मला भेटलेलं नाही.

पण माझं वॉचशी बिनसलं तेही इथेच. त्याच पुस्तकाच्या शेवटी वाइम्स कमांडर होतो, सर होतो. त्याआधीच शहरातल्या सर्वांत श्रीमंत बाईशी, लेडी सिबिलशी, त्याचं लग्न लागलेलं असतं. ‘जिंगो’च्या शेवटी तो ड्यूक होतो, ‘द फिफ्थ एलिफंट’मध्ये राजदूत म्हणून उबरवाल्डला जातो. बढतीला माझी हरकत नाही. मला खटकतं ते हे की त्यानंतर प्रत्येक पुस्तक आपल्याला बजावत राहतं, हा अजून तोच रस्त्यावरचा शिपाई आहे बरं का. बूट अजून पातळ तळाचेच हवेत, पिसांच्या टोपीचा आणि दरबारी तुमानींचा अजून तिटकाराच आहे. एकदा वाचलं, आवडलं. दुसऱ्यांदा हसलो. पुढे पुढे तो परिच्छेद येणार हे आधीच कळायला लागलं आणि मी नजर खाली सरकवायला लागलो. ज्याच्या हिशेबाने माझे डोळे उघडले त्याच्याकडे आता पन्नास डॉलरच्या बुटांची दुकानंच्या दुकानं घेण्याइतका पैसा आहे, आणि लेखक मात्र त्याला पैशाचा स्पर्शही होऊ द्यायला तयार नाही.

‘स्नफ’मध्ये (२०११) याचा कडेलोट होतो. वाइम्स बायकोच्या इस्टेटीवर सुट्टीला जातो, आणि तिथला तरुण कॉन्स्टेबल, दारूच्या गुत्त्यातले लोक, सगळे एकेक करून त्याला मानायला लागतात. तो म्हणतो ते बरोबरच निघतं. शेवटी खुन्याचा निकाल त्याचा बटलर विलिकिन्स परस्पर लावून टाकतो, आणि कायदा पाळणाऱ्या वाइम्सचे हात स्वच्छ राहतात. इथे मी वाइम्सपासून दुरावलो. त्याच्या चाहत्यांचं म्हणणं असतं की ‘थड!’मध्ये तो स्वतःच्या आतल्या अंधारावर पहारा देतो, खरी लढाई ती आहे. ते म्हणणं खोटं नाही, आणि तो भाग सुंदरच आहे. तरी पुढच्या पुस्तकात तो पहारा बटलरच्या हाती जावा, हे मला पचत नाही.

चेटकिणींमध्ये दोष नाहीत असं नाही. ‘वीर्ड सिस्टर्स’ (१९८८) ‘मॅकबेथ’च्या खांद्यावर उभं आहे, ‘मॅस्करेड’ ‘फँटम ऑफ द ऑपेरा’च्या. मूळ गोष्टी माहीत नसतील तर काही गमती हातून निसटतात. ‘मॅस्करेड’ तर मला अजूनही पसरट वाटतं. शिवाय ग्रॅनी वेदरवॅक्स हरत नाही, हे दोन पुस्तकांतच लक्षात येतं.

मग ती मला वाइम्ससारखी का खटकत नाही? एक तर तिला कुणी काही बहाल करत नाही. चेटकिणींमध्ये पुढारी नसतात. ग्रॅनीचा मान सर्वांत मोठा, पण अधिकार शून्य. पैसा ती घेत नाही, लोक जुने कपडे आणि खायचं आणून देतात. पहिल्या पुस्तकात ज्या झोपडीत राहते त्याच झोपडीत शेवटीही. दुसरं म्हणजे प्रत्येक विजय तिला महागात पडतो. आपणही एक दिवस ब्लॅक अ‍ॅलिस या जुन्या दुष्ट चेटकिणीसारख्या खदाखदा हसत वाईटाकडे वळू, ही भीती तिला कधी सोडत नाही. ‘विचेस अब्रॉड’मध्ये तर सख्खी बहीणच त्या वाटेने गेलेली आहे.

‘कार्पे जुगुलम’ची (१९९८) सुरुवात बघा. गाईची लाथ बसलेली बाई अडलेली आहे. आई वाचेल किंवा मूल, दोघं नाही. ग्रॅनी आईला वाचवते. सुईण विचारते, नवऱ्याला विचारायला नको होतं का? ग्रॅनी उलट विचारते, त्याने माझं असं काय वाईट केलंय, की मी त्याला हे दुखणं द्यावं? एवढंच. निवड तिने केली, तिचं ओझंही तीच घेऊन घरी गेली. बटलर नाही, कायद्याची ढाल नाही. हा प्रसंग मी कितीदा वाचला असेन, पण नजर कधी पुढे सरकवावीशी वाटली नाही.

आणि सगळा भार ग्रॅनीवर पडू नये म्हणून शेजारी दुसरी चेटकीण नॅनी ऑग आहे: चावट गाणी, सुनांवर जरब, मांजराच्या रूपातला गुंड ग्रीबो. नॅनी बहुधा ग्रॅनीइतकीच ताकदवान असावी आणि ते कुणाला कळू नये इतकी हुशार, असा मला दाट संशय आहे. वॉचमध्ये वाइम्सला शेजारी बसून इतकं सुनावणारं कुणी नाही. सिबिलला ते जमलं असतं, पण तिला पानं कमी मिळतात.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. एकच सर्वोत्तम पुस्तक निवडायचं झालं तर मी वॉचमधलंच निवडेन: ‘नाइट वॉच’ (२००२). भूतकाळात फेकला गेलेला वाइम्स तिथे ड्यूक नाही, कमांडर नाही. बिरुदं गळून पडतात आणि माणूस पुन्हा दिसतो. पण त्याचं वजन आधीची पुस्तकं वाचलेल्यालाच जाणवतं, त्यामुळे सुरुवातीला ते हातात देता येत नाही.

तेव्हा शहर, तपास, राजकारण हीच तुमची आवड असेल तर खुशाल वॉच घ्या, आणि ‘नाइट वॉच’ संपल्यावर थोडं थांबून पुढचं ठरवा. नाहीतर माझं ऐकाल तर चेटकिणी. ‘इक्वल राइट्स’ (१९८७) नंतर वाचलं तरी चालतं, त्यातली ग्रॅनी अजून पुरती घडलेली नाही. शेक्सपिअरची आवड असेल तर ‘वीर्ड सिस्टर्स’पासून, नसेल तर ‘विचेस अब्रॉड’पासून सुरू करा, त्यातल्या परीकथा सगळ्यांना ठाऊक असतात. लगेच ‘लॉर्ड्स अँड लेडीज’, मग ‘कार्पे जुगुलम’. टिफनी एकिंग या छोट्या चेटकिणीची पुस्तकं त्यानंतर. त्यांतलं ‘द शेफर्ड्स क्राउन’ प्रॅचेट गेल्यानंतर, २०१५मध्ये आलं. ते काही झालं तरी आधी उघडू नका.