कुंभाराची तवली की स्टुडिओतले स्टोनवेअर?

कोकणात नवा संसार मांडणाऱ्यांना, किंवा स्वयंपाकघरातले ॲल्युमिनियम काढून टाकू पाहणाऱ्यांना, हल्ली हा प्रश्न पडतो: गावच्या कुंभाराकडची लाल तवली, म्हणजे स्वयंपाकाचे मातीचे भांडे, घ्यावी, की स्टुडिओत घडवलेली झिलईची स्टोनवेअर भांडी घ्यावीत? आमच्या घरी दोन्ही बरीच वर्षे नांदत आहेत. त्यामुळे पुढचे मत रोजच्या वापरावर बेतलेले आहे, मोजमापावर नव्हे.

स्टोनवेअर साधारण १२०० ते १३०० अंश सेल्सिअसला भाजतात. त्या उष्णतेला मातीचा काही अंश वितळून काचेसारखा होतो आणि छिद्रे जवळजवळ बुजतात. म्हणून लोणचे, खारातल्या मिरच्या आणि विशेषतः कोकमाचे आगळ (खारवलेला आंबट रस) यांसाठी त्याला तोड नाही. साध्या मडक्यात मीठ ठेवले, तर ते पाझरून बाहेरच्या अंगाला पांढरे फूल धरते आणि कालांतराने मडक्याचे पापुद्रे सुटू लागतात. मात्र झिलईही पारखून घ्यावी. लिंबाची फोड रात्रभर ठेवून सकाळी तेथील रंग फिका पडलेला दिसला, तर ते भांडे आंबटासाठी वापरू नये.

माझे पारडे झुकले ते आचेपाशी. नेहमीचे स्टोनवेअर थेट ज्योतीवर ठेवता येत नाही, कारण घट्ट झालेल्या अंगात एका बाजूने उष्णता शिरली की ताण येऊन ते तडकते. लिथियमयुक्त खनिजे घालून आचेवर चालणारी भांडीही काही स्टुडिओ करतात, पण ती सहज मिळत नाहीत आणि स्वस्तही नसतात. म्हणजे शिजवायचे स्टीलच्या पातेल्यात आणि वाढायचे देखण्या वाडग्यात. भाजी-आमटीला हे चालून जाते. बांगड्याच्या तिखल्याला, म्हणजे दाट तिखट कालवणाला, चालत नाही. तिखले आमच्याकडे पळीने ढवळत नाहीत. तवलीचे काठ फडक्याने धरून ती अलगद गोल हलवतात, कारण शिजलेल्या बांगड्याला पळी लागली की तुकडी मोडते. एवढे जपून शिजवलेले तिखले दुसऱ्या भांड्यात ओतताना पोटाकडचा भाग सुटतो, तिरफळे आणि दाट रस तळाशी राहतात आणि घासायला एक भांडे वाढते. तवलीत ते शिजते त्याच जागी मुरते, दुसऱ्या दिवशी तिच्यातच गरम होते आणि तिच्यातूनच पानात येते. दर वेळच्या या ओतण्याचा मला इतका त्रास झाला की बाकीचे गुणदोष त्यापुढे गौण ठरले.

तवली आच सोसते, कारण तिचे अंग सच्छिद्र असते, मातीत बारीक वाळू मिसळलेली असते आणि आत गोटा धरून बाहेरून थापटून घडवलेल्या गोल बुडाला कोपरा नसल्याने ताण एका जागी साठत नाही.

तिचे उपद्रवही आहेत. ती वास धरते, त्यामुळे माशाची तवली वेगळी ठेवावी लागते. साबण शोषून घेते, म्हणून गरम पाणी आणि नारळाचा काथ्या यांवरच भागवावे लागते. पावसाळ्यात ती पुरती सुकली नाही, तर बुरशी धरते. चूल असेल तर वैलावर (चुलीच्या जोडतोंडावर) पालथी घालावी, नसेल तर शेगडीजवळ. ज्यांच्याकडे इंडक्शन आहे, त्यांना माझा सल्ला अर्थातच उपयोगाचा नाही.

घडवणाऱ्यांत मात्र मी उच्चनीच मानत नाही. भाईंदरला स्टुडिओ असलेले आणि २०१३ साली पद्मश्री मिळालेले ब्रह्मदेव राम पंडित बिहारमधल्या परंपरागत कुंभार घराण्यातले असून त्यांची ख्याती स्टोनवेअरसाठी आहे. चाकावरचा हात तोच असतो. माती, भट्टी आणि गिऱ्हाईक बदलते.

तवली घ्यायची तर एप्रिल-मे महिन्यांत घ्यावी. उघड्यावरचा आवा (कुंभाराची भट्टी) पावसात लावता येत नाही आणि पुढे बरेच कुंभार गणपतीच्या कामात गुंततात. टिचकी मारून आवाज खणखणीत येतो का पाहावे, बुडाशी केसासारखी चीर नाही ना हे उजेडात धरून तपासावे. घरी आणल्यावर रात्रभर पाण्यात बुडवून ठेवावी आणि पहिल्यांदा तिच्यात मंद आचेवर पेज शिजवावी, म्हणजे तांदळाच्या खळीने छिद्रे भरतात. आगळासाठी झाकणाची एक स्टोनवेअर बरणी मात्र जरूर घ्यावी.