ड्रिल रायफलींवरचे शिक्के वाचायचं भिंग: एक पावसाळा काढल्यानंतर

दहापट मोठं दाखवणारं, मिटवून खिशात टाकता येणारं सोनारी भिंग. उन्हाळ्यात रविवार पेठेतून घेतलं, आता थंडी पडलीय. तीसपटवाल्यांच्या नादी लागू नका. जेमतेम एक अक्षर दिसतं आणि हात हलला की तेही पळतं.

माझा उद्योग म्हणजे ली-एनफिल्ड (ब्रिटिश लष्कराची .303 इंची भोकाची रायफल) घराण्यातल्या कवायतीच्या आणि सरावाच्या रायफली ओळखणं, बहुतेक परवानाधारक मित्रांच्या. दस्ता जिथे लोखंडात बसतो, तिथे उजव्या अंगाला अख्खी जन्मपत्रिका कोरलेली असते: मुकुट, जीआरआय (राजा-सम्राट जॉर्जची आद्याक्षरं), ईशापूर (बंगालमधला रायफल कारखाना), साल, मार्क 3 (नमुन्याचा क्रमांक). स्वातंत्र्यानंतरच्या ईशापूर रायफलींवर मुकुट जाऊन अशोकस्तंभाचे सिंह आणि आरएफआय (रायफल फॅक्टरी ईशापूर) आले. खरी गंमत मार्क 3 पुढच्या चांदणीत. ती पहिल्या महायुद्धात सोप्या केलेल्या नमुन्याची खूण, पण गंजाचा खड्डाही थेट तसाच दिसतो. भिंगाखाली फरक कळतो: ठशाच्या चांदणीचे कोन सारखे असतात, गंजाची कड वेडीवाकडी.

भिंगातला दिवा मात्र निव्वळ शोभेचा. समोरून उजेड पडला की उथळ शिक्का पुसल्यासारखा होतो. दिवा बंद करा, मोबाईलची बॅटरी बाजूने अगदी आडवी धरा. अक्षरांच्या कडांना सावली पडते आणि रंगाच्या थराखालचं 'डीपी', म्हणजे ड्रिल पर्पज (फक्त कवायतीसाठी), वर येतं.

काही ठिकाणी भिंगाचं कामच नाही. .22 ची सरावाची आणि .410 ची मस्केट (गुळगुळीत नळीची) नळीच्या तोंडाशीच ओळखू येतात: एकीचं भोक बारीक, दुसरीचं .303 पेक्षाही मोठं. .22 च्या नंबर 2 मार्क 4 मध्ये मॅगझिन म्हणजे नुसती पेटी, झाडलेल्या पुंगळ्या त्यात पडतात. अशा .303 वरून रूपांतर केलेल्या रायफलीवर बरेचदा मूळचंच साल राहतं, तेवढ्यावर भाव ठरवू नये.

'डीपी आहे, चालत नाही' म्हणत कुणी विकायला आलं तर आधी पोलिसांच्या परवाना शाखेत विचारा. 1959 च्या शस्त्र कायद्यातली सूट दुरुस्त करूनही चालणार नाही अशाच जुन्या हत्याराला आहे.

तक्रारी दोन. बिजागरीचा स्क्रू सैल होतो, त्यावर नेलपॉलिशचा थेंब टाकलाय. आणि पावसाळ्यात काचेच्या कडेला बुरशी धरली. तेव्हापासून भिंग सिलिका जेलच्या पुडीसोबत डबीत ठेवतो.