माऊस मॅट घ्यायचीय? आधी टेपनं मोजा, मग दुकानात जावा

वर्षभरात तीन मॅट झाल्या, घरात बोलणी पण खाऊन झाली, तेव्हा आता लिहूनच टाकतो.

पहिली बेळगावात खडेबाजारातनं घेतली, दीडशे रुपये, २५ बाय २१ सेंटीमीटर, वर ड्रॅगनचं चित्र. मी व्हॅलोरंट हा बंदुकीचा गेम खेळतो, डीपीआय (माऊस इंचभर हलला की किती ठिपके मोजतो ते) ८०० आणि गेममधली सेन्सिटिव्हिटी (तेवढ्यात नजर किती वळते ते) ०.४, म्हणजे पूर्ण गोल फिरायला माऊस जवळजवळ ४१ सेंटीमीटर ओढावा लागतो, नुसतं मागं वळायचं म्हटलं तरी २० पाहिजेत. मॅटच २५ची, माऊस मधी ठेवला तर एका बाजूला साडेबारा. मागनं कोण आला की माझा माऊस मॅट सोडून सनमायकावर, आणि मी गार. सहा महिने वाटायचं आपलाच हात बेकार, शेवटी आईच्या शिवणाच्या टेपनं मोजलं तेव्हा कळलं.

दुसरी कडक प्लास्टिकची, गावातल्याच एका दुकानातनं. माऊस असा पळतो की गेममधल्या समोरच्याच्या डोक्यावर थांबायचं सोडून पलीकडच्या भिंतीवर जातोय, आणि रात्री खर्र खर्र आवाज, बाबा उठून आले दोनदा. परत द्यायला गेलो तर मालक म्हणाला पाकीट फोडलंय, आता घेत नाय. फोडल्याशिवाय माऊस फिरवून बघायचा कसा, ते काय सांगितलं नाय त्यानं.

तिसरी कापडी, ४५ बाय ४०, चार मिलीमीटर जाड, कडेला शिलाई, साडेसातशेला. स्टीलसीरीजची क्यूसीके लार्ज पण ४५ बाय ४०च आहे, लॉजिटेकची जी-६४० ४६ बाय ४०, म्हणजे माप काय मी मनानं काढलेलं नाय. ही घेताना मामाला संगट नेलं हुतं. मामाचे वडगावात माग आहेत, गेम त्याला कळत नाय पण कापड कळतंय. दुकानात दोन मॅट बाहेर काढून ठेवलेल्या, त्यानं एकीवर बोट आधी आडवं फिरवलं मग उभं, म्हणाला, "ही घेऊ नको बघ, आडवी सुळसुळीत आहे, उभी अडकूलालीया." मी माऊस फिरवला तर खरंच! आडवा माऊस पळतोय आणि खाली ओढताना जड. गेममधली व्हँडल बंदूक मारताना नळी वर उडते, त्या रिकॉइलला आवरायला माऊस खालीच ओढायचा असतोय, तिथंच जड लागली तर हात बसणार कसा? दुसरी दोन्हीकडनं सारखी लागली, तीच घेतली. कंट्रोलची (माऊस आवरायला सोपी), स्पीडची (पळवायला सोपी) असलं पाकिटावर काय बी लिहितात, पाकीट बाजूला ठेवून बोट फिरवा.

आता खोट. मे महिन्यात मस्त चाललेली, जुलैत आपल्याकडचा पाऊस लागला आणि मॅट मंद पडली. कापड हवेतला ओलावा ओढतंय, वर मनगटाचा घाम, हात चिकटून बसतोय. खानापूरकडच्या लोकांनी तर हे धरूनच चालावं. मी आता जुना फुल बाह्यांचा टी-शर्ट घालून खेळतो, निदान हात तरी चिकटत नाय. काचेची मॅट ओलाव्याला दाद देत नाय, पण ती लई फास्ट, प्लास्टिकनंच मला अद्दल घडवलीया, मी त्या वाटेला जाणार नाय. लाइटवाली मॅट तर घेऊच नका, एक वायर वाढते एवढंच.

नवी मॅट गुंडाळून आली की कोपरे वर येतात, उलटी गुंडाळून रात्रभर ठेवा, बसतात. धुवायची असेल तर कोमट पाण्यात भांड्याचा साबण थोडा, मऊ हातानं, मशीनमधी नको, पिळायची पण नाय. मी ऑगस्टमधी धुतली ही चूक केली, पंख्याखाली तीन दिवस झाले तरी खालचं रबर ओलंच. तोवर मामाच्या साडीच्या बॉक्सचा पुठ्ठा टाकून खेळलो, आणि खोटं कशाला बोलू, त्यावर दोन मॅच जिंकल्या.