बारा वॅटचा व्हॉल्व्ह ॲम्प, दहा महिन्यांनंतर

गेल्या दसऱ्याला घरी आणलेल्या माझ्या गिटारच्या व्हॉल्व्ह ॲम्पला, म्हणजे ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या व्हॉल्व्हवर चालणाऱ्या ध्वनिवर्धकाला, आता दहा महिने झाले. पहिल्याच आठवड्यात लिहायचा मोह झाला होता, पण नव्या वस्तूच्या पहिल्या आठवड्यात माणूस वस्तूपेक्षा स्वतःच्या निवडीचेच कौतुक करत असतो, म्हणून थांबलो. मधल्या काळात उन्हाळा, पावसाळा आणि एक बिघाड असे सगळे पाहून झाले आहे.

हा ॲम्प कोणत्याही कंपनीचा नाही. जुन्या नाशकात पूर्वी व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका काकांनी तो हाताने बांधून दिला. आराखडा फेंडर या अमेरिकी कंपनीच्या ट्वीड डिलक्स ॲम्पचा, म्हणजे १९५० च्या दशकातल्या ५ई३ या सर्किटचा आहे: सुरुवातीला आवाज वाढवणारे दोन छोटे व्हॉल्व्ह, आधी १२एवाय७ आणि मग १२एएक्स७, शेवटी स्पीकर चालवणाऱ्या ६व्ही६ व्हॉल्व्हची जोडी आणि एसीचे डीसी करण्यासाठी ५वाय३ हा रेक्टिफायर व्हॉल्व्ह. आउटपुट साधारण बारा वॅट, स्पीकर बारा इंची, बटणे तीनच. रिव्हर्ब (आवाजाला घुमारा देणारी सोय) नाही, मास्टर व्हॉल्यूम (शेवटचा एकूण आवाज वेगळा कमी करणारे बटण) नाही. ट्रान्सफॉर्मर अंबडच्या एका वाइंडिंगवाल्याकडून गुंडाळून घेतले, आणि खोके परदेशी यंत्रांच्या पॅकिंगमधून निघालेल्या पाइनच्या फळ्यांचे केले. एका फळीच्या आतल्या बाजूला ‘ही बाजू वर’ असे सांगणारा छापील बाण अजून आहे. तो आता खाली तोंड करून बसला आहे. स्पीकर आणि व्हॉल्व्ह धरून मला एकूण ५८,००० रुपये खर्च आला.

आवाजाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण पैसे त्यासाठीच मोजले. माझी गिटार टेलिकास्टर घाटाची, सिंगल कॉइल पिकअपची, म्हणजे तारांचे कंपन टिपणाऱ्या एकेरी वेटोळ्यांची आहे. आधीच्या ट्रान्झिस्टर ॲम्पवर साफ आवाज हवा की एक बटण आणि मुद्दाम खरखरीत केलेला, फाटका आवाज हवा की दुसरे, असा कारभार होता, आणि गिटारवरचे व्हॉल्यूमचे बटण मी वर्षानुवर्षे पूर्ण उघडे ठेवून विसरून गेलो होतो. इथे ॲम्पचा व्हॉल्यूम सातवर ठेवून गिटारचे बटण पाचवर आणले की ई मेजरचा कॉर्ड काचेसारखा स्वच्छ येतो, सहा तारा वेगवेगळ्या मोजता येतात. तेच बटण दहावर नेले की आवाज जाड होतो आणि त्याच्या कडेला थोडी खरखर येते. मधले सगळे टप्पे करंगळीने मिळतात. सर्किटमध्ये निगेटिव्ह फीडबॅक (आउटपुटचा थोडा भाग उलटा मागे देऊन आवाज काबूत ठेवण्याची सोय) नसल्यामुळे साफ आवाजातून फाटक्या आवाजात जाताना पायरी लागत नाही. हे अंगवळणी पडायला मला दोन महिने लागले, आणि त्या दोन महिन्यांत ‘ॲम्प चांगला नाही’ अशी माझी चार वेळा तरी खात्री झाली होती.

दुसरी गोष्ट ५वाय३ ची. कॉर्ड जोरात मारला की ६व्ही६ एकदम जास्त करंट मागतात आणि रेक्टिफायरमधून येणारे व्होल्टेज क्षणभर खाली बसते. कानाला ते असे जाणवते की कॉर्डचा पहिला घाव किंचित दबतो आणि मागून स्वर फुलत वर येतो. डग्ग्यावर मनगट सरकवून काढलेला घुमारा ज्यांनी जवळून ऐकला आहे, त्यांना मी काय म्हणतो ते लगेच कळेल. मात्र याच गुणामुळे खालच्या तारांवरचे वेगवान रिफ (पुन्हा पुन्हा वाजवायचे छोटे तुकडे) सैल आणि चिखलासारखे येतात. मेटल वाजवणाऱ्यांनी याच्या वाटेला जाऊ नये.

बटणांचा एक विचित्र प्रकारही सांगायला हवा. दोन चॅनेलचे (केबल लावायच्या दोन वाटांचे) दोन व्हॉल्यूम आणि एकच टोन हे आत एकमेकांना थेट जोडलेले असल्यामुळे, ज्या चॅनेलमध्ये केबल लावलेलीच नाही त्याचे बटण फिरवले तरी चालू चॅनेलचा आवाज बदलतो. मी तक्रार घेऊन गेलो तेव्हा काका म्हणाले, “अहो, बिघाड नाही तो, त्या सर्किटची जातच तशी आहे.” आता मी त्या रिकाम्या चॅनेलचे बटण दुसऱ्या टोनसारखे वापरतो.

बारा वॅट म्हणजे घरगुती आवाज, हा माझा मोठा गैरसमज होता. वॅट निम्मे केले की आवाज फक्त तीन डेसिबलने उतरतो. त्यामुळे शंभर वॅटच्या ॲम्पपेक्षा हा जेमतेम नऊ डेसिबलने कमी आहे, म्हणजे कानाला सुमारे निम्मा. जिथे ढोलाच्या नावापुढे गावाचे नाव लागते तिथे बारा वॅटबद्दल कोण बोलणार, असे मला वाटले होते. पाथर्डी फाट्याजवळच्या आमच्या इमारतीतल्या खालच्या आजोबांनी मला जिन्यात गाठून शांतपणे सांगितले, “तुमचे ते यंत्र किती वाजता सुरू होते तेवढे सांगून ठेवा, म्हणजे मी त्या वेळी फिरायला जाईन.” तेव्हापासून ॲम्प सातपूरला एका मित्राच्या शेडमध्ये असतो आणि मी रविवारी सकाळी तिथे जातो. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने ही जागेची सोय आधी पाहावी, ॲम्प नंतर.

विजेचे प्रकरण आपल्याकडे दुर्लक्ष करण्यासारखे नाही. शेडमध्ये सुटीच्या दिवशी आजूबाजूचे कारखाने बंद असतात आणि मीटरवर २५० व्होल्ट दिसतात. ट्रान्सफॉर्मरची जोडणी २३० व्होल्टच्या हिशेबाने होती, त्यामुळे ६.३ व्होल्टवर चालायचे फिलामेंट (व्हॉल्व्ह तापवणारी तार) ६.८५ व्होल्टवर जळत होते आणि आतले डीसी व्होल्टेजही त्याच प्रमाणात चढलेले होते. काकांनी वाइंडिंगला २४० व्होल्टचा टॅप, म्हणजे मधूनच काढलेली जोडणीची तार, आधीच काढून ठेवला होता. तार तिकडे वळवल्यावर फिलामेंट ६.५६ वर आले. ट्रान्सफॉर्मर नव्याने गुंडाळून घेणाऱ्याने हा टॅप मागून घ्यावा.

एक भुणभुण मात्र कित्येक दिवस सापडत नव्हती. ती ॲम्पची नव्हतीच. शेडमधल्या पंख्याचा गोल फिरणारा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर अर्ध्यावर असला की सिंगल कॉइल पिकअप तो आवाज पकडत होते. पंखा पूर्ण वेगावर किंवा बंद, असा नियम केल्यावर प्रश्न मिटला. एप्रिलमध्ये हा नियम पाळणे सोपे नव्हते, कारण व्हॉल्व्हची धग वेगळीच. हमिंग घालवण्यासाठी प्लगची अर्थिंगची पिन काढून टाका, असे सांगणारे लोक भेटतील. त्यांचे अजिबात ऐकू नये. आत साडेतीनशेच्या आसपास डीसी व्होल्ट असतात आणि ॲम्प बंद केल्यावरही वीज साठवणाऱ्या कंडेन्सरमध्ये ते काही काळ टिकून राहतात.

बिघाड जुलैमध्ये झाला. वाजवताना आवाज आकसल्यासारखा झाला, म्हणून मागे वाकून पाहिले तर एका ६व्ही६ च्या आतली काळी प्लेट मधोमध लालभडक झाली होती. नशिबाने लगेच स्विच बंद केला. मी व्हॉल्व्ह गेला असे धरून चाललो होतो, पण काकांनी आधी त्याच्या ग्रिडवर, म्हणजे करंट किती वाहावा हे ठरवणाऱ्या आतल्या जाळीवर, मीटर लावला. जिथे शून्य डीसी हवे तिथे १४ व्होल्ट होते. आधीच्या टप्प्याचे डीसी अडवणारा ०.१ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर गळत होता, ग्रिड पॉझिटिव्ह होऊन व्हॉल्व्ह मर्यादेबाहेर करंट ओढत होता. कंडेन्सर बदलला, अर्ध्या तासाचे काम. नुसता व्हॉल्व्ह बदलला असता तर नवाही तसाच जळला असता. तो कंडेन्सर काकांच्या जुन्या साठ्यातला होता, आणि त्यांनी ते मान्य करून पैसे घेतले नाहीत. तरी नव्या कामात जुने कंडेन्सर घालू नयेत, हे माझे मत मी त्यांना स्पष्ट सांगितले.

जुन्या व्हॉल्व्हची गोष्ट वेगळी. बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने एकेकाळी बनवलेले काही ईसीसी८३, म्हणजेच १२एएक्स७, काकांच्या खणात अजून डब्यांसकट आहेत. त्यातला एक मी पहिल्या जागी, १२एवाय७ काढून, लावून पाहिला: वर्धन (व्हॉल्व्ह आवाज किती पट वाढवतो ते) ४४ वरून १०० वर जाते आणि व्हॉल्यूम तीनवर असतानाच आवाज फाटायला लागतो. मजा आली, पण गिटारच्या बटणातली ती मधली जागाच नाहीशी झाली, म्हणून दोन रविवारांनंतर मूळ व्हॉल्व्ह परत लावला. नवे व्हॉल्व्ह आज मुख्यतः रशिया, स्लोवाकिया आणि चीनमधून येतात. मार्च २०२२ मध्ये रशियाने निर्यातीवर निर्बंध आणले तेव्हा जगभर ओढाताण झाली होती. म्हणून ६व्ही६ ची एक जुळवलेली जोडी आणि एक ५वाय३ मी कपाटात ठेवले आहेत.

वजन, दिसणे वगैरेंबद्दल तक्रार नाही. लाखेचे पॉलिश पावसाळ्यात किंचित चिकट झाले, एवढेच.

कोणाला असा ॲम्प करून घ्यायचा असेल तर काका एका वेळी एकच काम हातात घेतात आणि मला चार महिने थांबावे लागले होते. पितृपक्षात ते नवे काम सुरू करत नाहीत, त्यामुळे बोलणी गणपतीतच उरकून घ्यावीत.