जून ते जानेवारी, पुण्याचे रस्ते आणि टेकड्या: मॅरेथॉनच्या सामानाचा वापरानंतरचा अनुभव

रनिंग शूजचे बहुतेक रिव्ह्यू पहिल्या पन्नास-साठ किलोमीटरांवर लिहिलेले असतात. तेवढ्या अंतरात कुठलाही शू मऊच वाटतो. पुण्यात सामानाचा कस जूनपासून लागतो. रस्ते सतत ओले, फुटपाथच्या पेव्हर ब्लॉकवर शेवाळ, टेकडीवर चिखल, आणि आठवड्याचं मायलेज, म्हणजे एकूण अंतर, नेमकं याच काळात वाढवायचं असतं. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी पुणे मॅरेथॉन आणि जानेवारीत मुंबईची. खालचं सगळं एका अशाच मोसमाच्या वापरावरून आहे: रोजच्या धावण्याचे दोन जोड, टेकडीसाठी एक, कार्बन प्लेटचा (सोलमध्ये कार्बनची कडक पट्टी असलेला) एक, जीपीएस घड्याळ, नाडी मोजणारा छातीचा पट्टा आणि पाण्याच्या बाटल्या ठेवायचा व्हेस्ट. कंपन्यांची नावं दिलेली नाहीत, कारण त्याच नावाच्या पुढच्या आवृत्तीत फोम, ड्रॉप (टाच आणि चवडा यांच्या उंचीतला फरक), रुंदी सगळं बदललेलं असतं. प्रकार कळला की दुकानात जाऊन निवडता येतं.

रोजचे शूज

वजन साधारण २७०-२८० ग्रॅम, ईव्हीए फोम, टाच ते चवडा ड्रॉप ८ ते १० मिमी. धावण्यातलं ऐंशी टक्के अंतर याच शूजवर जातं, तेव्हा पैसे इथे घाला.

माप संध्याकाळी घ्यावं, धावताना घालता तेच मोजे घालून, आणि उभं राहून. सर्वांत लांब बोटापुढे एक सेंटिमीटरभर जागा हवी. यूकेच्या मापात अर्धा नंबर म्हणजे सव्वाचार मिमी, त्यामुळे ऑफिसच्या बुटापेक्षा अर्धा ते एक नंबर मोठा लागला तर दचकू नका. नख काळं पडलं की लोक थेट आणखी मोठा नंबर घेतात. पुष्कळदा दोष लेसचा असतो: उतारावर पाय आत पुढे घसरतो आणि अंगठा दर पावलाला आपटतो. सगळ्यात वर जे एक जास्तीचं भोक असतं ते यासाठीच आहे. लेस त्याच बाजूच्या त्या भोकातून आत घालून छोटा फास ठेवायचा, समोरच्या बाजूची लेस त्या फासातून ओढून घ्यायची, मग गाठ. टाच जागेवर बसते आणि चवड्यावर लेस सैल ठेवता येते.

झीज बघायची तर सोल उलटा करून टाचेची बाहेरची कड बघा. तिथलं रबर आधी जातं. बहुतेकांचं तसंच जातं, त्याने घाबरायचं कारण नाही. रबर संपून खालचा फोम उघडा पडला, किंवा एका शूची झीज दुसऱ्यापेक्षा स्पष्ट जास्त दिसली, तर लक्ष द्यावं. डाव्या-उजव्यात फरक पडण्याचं एक साधं कारण आपले रस्ते. पाणी गटाराकडे जावं म्हणून रस्ता कडेला उतरता असतो. रोज त्याच कडेने धावलं की एक पाय कायम खाली पडतो. मार्ग अधूनमधून उलटा फिरवा किंवा सपाट जागा शोधा.

सोल शाबूत असतानाही फोम मेलेला असू शकतो. शू टेबलावर ठेवून मागून बघा, टाचेचा कप एका अंगाला कललाय का. बाजूच्या फोमवरच्या आडव्या सुरकुत्या दोन दिवसांच्या विश्रांतीनंतरही तशाच असतील, आणि इझी रननंतर, म्हणजे संथ, आरामात धावल्यावर, पोटऱ्या विनाकारण जड वाटत असतील, तर जोड बदलायची वेळ झाली. ५०० ते ८०० किमी हा आकडा ढोबळ आहे. वजनदार धावपटूचा जोड आधी बसतो, आणि सिमेंटच्या रस्त्याचं सोलवरचं खरखरीत घासणं वेगळंच.

ओल्या रस्त्यावर पकड हा पुण्यातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा, आणि रिव्ह्यूंमध्ये तो शेवटच्या ओळीत असतो. वजन वाचवण्यासाठी सोलवर रबर फक्त ठिपक्यांपुरतं ठेवून बाकी फोम उघडा सोडलेले शूज झेब्रा क्रॉसिंगच्या रंगावर, गटाराच्या लोखंडी झाकणावर आणि पेव्हर ब्लॉकवर सरळ घसरतात. चवड्याखाली सलग रबर असलेला जोड घ्या. वीस-तीस ग्रॅम जास्त भरला तरी चालेल.

भिजलेले शूज: आतली गादी काढून वेगळी ठेवायची, लेस पूर्ण सैल, जीभ बाहेर ओढायची. वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे आणि तासाभराने बदलायचे, कारण पहिले बोळे लगेच ओले गच्च होतात. झोपण्यापूर्वी पुन्हा एकदा बदलून पंख्याखाली. उन्हात, हीटरसमोर किंवा हेअर ड्रायरने नाही. उष्णतेने फोम आकसतो आणि डिंक सुटतो. वॉशिंग मशीनलाही तेच लागू. एवढं करूनही जुलैत चोवीस तासांत जोड पूर्ण सुकत नाही. म्हणून दोन जोड आलटून पालटून वापरणं ही पुण्यात गरज आहे, चैन नव्हे.

टेकडीचे शूज

वेताळ टेकडी, तळजाई, पाषाण-बाणेर, कुठेही जा, कोरड्या दिवसांत त्रास मुरमाचा. खडे पायाखाली गोल फिरतात आणि उतारावर रोडचा शू धरत नाही. ४ ते ५ मिमीचे लग, म्हणजे सोलखालचे दाते, पुरतात. पावसाळ्यात चिकट चिखल लगांच्या मध्ये भरून बसतो, त्यामुळे लग दाट असण्यापेक्षा विरळ बरे. घरापासून टेकडीपर्यंत डांबरावरून तीन-चार किलोमीटर धावत जात असाल तर एवढे खोल लग घेऊ नका, दोन-तीन महिन्यांत कडा गोल होतात. तिथे ३ मिमीचा हायब्रिड प्रकार ठीक.

कार्बन प्लेट

याबद्दल जरा सविस्तर, कारण किंमत वीस हजारांच्या घरात जाते आणि अपेक्षा त्याहून वर.

२०१७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात या शूजनी सरासरी ४ टक्के ऊर्जा वाचवल्याचं दिसलं, ते ताशी १४ ते १८ किमी वेगाने धावणाऱ्या तरबेज धावपटूंवर. साडेचार तासांत मॅरेथॉन करणाऱ्याचा वेग ताशी ९.४ किमी असतो. या वेगाला फायदा बराच कमी मिळतो, आणि माणसागणिक बदलतो. या शूजमधल्या हलक्या, मऊ पेबा फोमची उसळी तरीही मिळते. वापरताना खरा फरक जाणवला तो दुसऱ्या दिवशी, मांड्या कमी आखडतात. माझ्या मते संथ धावपटूला पैसे वसूल होण्याचं कारण असलंच तर तेवढंच.

भार मात्र कुठेतरी जातोच. कडक चवडा आणि उंच, मऊ टाच यांमुळे पोटरी आणि पाऊल वेगळ्या तऱ्हेने काम करतात. प्लेटच्या शूजमध्ये धावणाऱ्यांना पावलाच्या कमानीजवळच्या नेव्हिक्युलर हाडाला ताणाची इजा झाल्याची उदाहरणं २०२३ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आली आहेत. त्यामुळे डब्यातून काढून थेट रेसला घालू नये. आधी सपाट रस्त्यावर १००-१०० मीटरच्या स्ट्राइड्स (छोट्या वेगवान धावा), मग ६ ते ८ किमीचा टेम्पो (सलग वेगात धावणं), मग लाँग रनचे (आठवड्यातल्या सर्वांत लांब धावण्याचे) शेवटचे १०-१२ किमी. आठवड्यातून एकदा, त्याहून जास्त नाही. जागतिक अ‍ॅथलेटिक्सच्या नियमात रोडच्या शूचा सोल ४० मिमीपर्यंत जाड चालतो, आणि हे जोड त्या मर्यादेच्या आसपासच असतात. एवढ्या उंचीवरून खड्ड्याच्या कडेला पाय पडला की घोटा मुरगळतो. स्पीडब्रेकर आणि तीव्र वळणांवर वेग कमी करा. टेकडीवरच्या पायवाटेला हे घालून येणारेही दिसतात; त्यांच्या खिशाला नमस्कार.

दुखणी, जी शूजच्या नावावर जातात

पावसात लाँग रन बुडतो, मग पुढच्या आठवड्यात तो ‘भरून काढला’ जातो, आणि पंधरा दिवसांत नडगी दुखू लागते. दोष शूजला लागतो. बुडालेला रन सोडून द्यायचा असतो. लाँग रन १६ किमीपासून ३०-३२ पर्यंत नेताना दर चौथ्या आठवड्याला अंतर चतुर्थांशाने तरी खाली आणा.

नडगीच्या आतल्या कडेने चार-सहा बोटं लांबीची दुखरी पट्टी असेल तर मायलेज कमी करून बहुधा निभावतं. एका बोटाच्या टोकाखाली नेमकं दुखत असेल, एका पायावर उडी मारली की कळ येत असेल किंवा रात्री ठणकत असेल, तर धावणं बंद आणि डॉक्टर. सुरुवातीचा स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे ताणाने हाडाला पडलेली बारीक चीर, साध्या एक्स-रेत दिसेलच असं नाही, एमआरआय लागतो.

ड्रॉप एकदम १० वरून ४ मिमीवर आणला की टाचेच्या शिरेवर, अकिलीसवर ताण येतो. तिथे उपाय फुकटचा आहे: जिन्याची पायरी. दोन्ही पायांवर चवड्यावर उठायचं, दुखऱ्या एकाच पायावर सावकाश टाच पायरीच्या खाली न्यायची. १५ चे ३ सेट गुडघा सरळ ठेवून, तेवढेच किंचित वाकवून, दिवसातून दोनदा, १२ आठवडे. दुखणं शीर हाडाला चिकटते त्या अगदी खालच्या जागी असेल तर टाच पायरीच्या पातळीखाली नेऊ नये.

सिंहगडाचा डांबरी घाट चढायला उत्तम, पण पूर्ण उतारही धावत आलात तर गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला आयटी बँड (मांडीच्या बाहेरून गुडघ्याखाली जाणारा पट्टा) बोलू लागतो. उतार चालत उतरा, निदान रेसच्या आधीच्या तीन आठवड्यांत तरी.

घड्याळ आणि छातीचा पट्टा

मनगटावरचा सेन्सर उजेड टाकून रक्ताचा प्रवाह मोजतो, आणि हात हलताना कधीकधी नाडीऐवजी पावलं मोजू लागतो. ओळखायची खूण: इझी रनमध्ये आकडा अचानक १७० च्या आसपास जातो, तिथेच सपाट राहतो आणि कॅडन्सशी, म्हणजे मिनिटाला पडणाऱ्या पावलांशी, तंतोतंत जुळतो. घड्याळ मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर, घट्ट बांधलं की त्रास बराच कमी होतो. डिसेंबरच्या गारठ्यात तरीही चुकतं.

छातीचा पट्टा जास्त भरवशाचा, पण कोरड्या हवेत पहिली दहा मिनिटं तोही वेडेवाकडे आकडे देतो. इलेक्ट्रोड (अंगाला टेकणारे रबरी भाग) कोरडे असतात आणि पॉलिएस्टरचा टीशर्ट वर घासत असतो. बांधण्याआधी आतली बाजू पाण्याने ओली करा. रन झाल्यावर पॉड (सेन्सरची छोटी डबी) काढून पट्टा साध्या पाण्यात खळबळा. हे टाळलं तर रबराच्या कडेला घामाच्या मिठाचा पांढरा थर बसतो आणि मग सिग्नल तुटू लागतो. पॉड पट्ट्यालाच लावून ठेवला तर ओलाव्यामुळे चालू राहतो आणि बटण-सेल लवकर संपतो.

आता पेस, म्हणजे एका किलोमीटरला लागणारी मिनिटं. रेसचा मार्ग सर्वांत छोट्या रेषेने मोजलेला असतो, शिवाय कमी भरू नये म्हणून त्यात हजारी एक एवढी वाढ धरतात. म्हणजे ४२ किमीत ४२ मीटर. आपण वळणं बाहेरून घेतो, गर्दीतून वाट काढतो आणि जीपीएसही थोडं वाढवून दाखवतं. शेवटी घड्याळावर ४२.६ दिसणं अगदी नेहमीचं. साडेचार तासांसाठी हिशोबाने ६:२४ चा पेस येतो. घड्याळाकडे बघून तोच धरला तर ४:३० अडीच मिनिटांनी हुकतं. घड्याळावर ६:२० हवा. त्याहून बरं म्हणजे ऑटो लॅप (घड्याळाने दर किलोमीटरची नोंद आपोआप घेणं) बंद करून रस्त्यावरच्या किलोमीटरच्या पाटीवर बटण दाबायचं. आणि मुंबईत पेडर रोडचा चढ परतीला, ३५ किमीनंतर येतो. तिथे पेस विसरून श्वासावर चढा.

पाणी, मीठ, साखर

ओआरएस पिऊन ताकद येते हा गैरसमज पक्का रुजलाय. प्रमाणित पाकीट २०.५ ग्रॅमचं, एक लिटर पाण्यासाठी. त्यात ग्लुकोज फक्त १३.५ ग्रॅम आणि सोडियम सुमारे १.७ ग्रॅम. मीठ भरपूर, इंधन नाही. मॅरेथॉनला तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्ब लागतात. ३० किमीनंतरची भिंत, म्हणजे एकाएकी ताकद संपणं, बहुतेकांना दोनच कारणांनी लागते: पहिले दहा किमी जास्त वेगात, आणि पहिलं जेल (धावताना खायचं साखरेचं घट्ट पाकीट) फार उशिरा.

घरचं पेय: एक लिटर पाणी, ६० ग्रॅम साखर काट्यावर मोजून, पाव छोटा चमचा म्हणजे दीड ग्रॅम मीठ, अर्धं लिंबू. साखरेत ग्लुकोज आणि फ्रुक्टोज दोन्ही असतात, आतड्याला ते सोयीचं. सोबत दर ४५ मिनिटांनी २२-२५ ग्रॅम कार्बचं एक जेल, आणि ते साध्या पाण्याबरोबर. गोड पेयाबरोबर घेतलं तर पोट बिघडतं. लाँग रनमध्ये सवय केल्याशिवाय रेसला हे प्रमाण घेऊ नका.

पाणी किती, हे वजनकाट्यावर ठरतं. तासभर धावण्याआधी आणि नंतर, अंग पुसून, कपड्यांशिवाय वजन करा. ८०० ग्रॅम घटलं आणि मध्ये ३०० मिली प्यायलात, तर घाम ताशी १.१ लिटर. मुंबईच्या दमट हवेत तो वाढतो. वजन उलट वाढलं तर पाणी जास्त झालं. बोटं सुजणं, डोकं दुखणं, मळमळ ही रक्तातलं सोडियम उतरल्याची लक्षणं असू शकतात. तिथे आणखी पाणी पाजू नये, मेडिकल तंबू गाठावा.

व्हेस्टबद्दल थोडकंच. दोन ५०० मिलीच्या मऊ बाटल्या पाठीवरच्या पिशवीपेक्षा सोयीच्या, कारण पिशवीची नळी पावसाळ्यात आतून बुरसते. बाटली अर्धी झाली की डचमळते. तोंड वर करून आतली हवा शोषून काढली की आवाज आणि उड्या दोन्ही थांबतात. गळ्याजवळच्या शिवणीखाली आणि काखेत व्हॅसलीन, छातीवर मायक्रोपोर चिकटपट्टी, पायात सुती मोजे नकोत.