सव्वासात इंची बागेतली रेल्वे: अ‍ॅल्युमिनियमचे रूळ आणि प्लॅस्टिकचे स्लीपर, एक हिवाळा व एक उन्हाळा वापरल्यानंतर

इंग्लंडच्या मिडलँड्स भागात, चिकणमातीच्या जमिनीवर, घरामागच्या लांबट बागेत सव्वासात इंची गेजचा, म्हणजे दोन रुळांमध्ये 184 मिलिमीटर अंतर असलेला, बंद वळशाचा मार्ग आम्ही टाकला. त्यावर बॅटरीवर चालणारे एक छोटे इंजिन आणि दोन बोगी गाड्या धावतात, आणि मुलांबरोबर मोठी माणसेही दोन्ही बाजूंना पाय सोडून त्यांवर बसतात. रूळ अ‍ॅल्युमिनियमचे, तीन मीटर लांबीचे. स्लीपर, म्हणजे रुळांखालच्या आडव्या पट्ट्या, पुनर्वापर केलेल्या प्लॅस्टिकचे. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे. सारे साहित्य सुटे मागवून जोडणी घरीच केली. हे साहित्य घ्यावे का, असे कोणी विचारल्यास माझे उत्तर होकारार्थी आहे. मात्र रुळांवर जेवढे पैसे खर्च होतील, त्याहून अधिक कष्ट रुळांखाली करण्याची तयारी हवी.

चिकणमाती हिवाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात सुकून भेगाळते, त्यामुळे तिच्यावर थेट टाकलेला मार्ग वर्षातून दोनदा आपली पातळी बदलतो. म्हणून वरची माती वीतभर काढून चर खणला, त्याला एका बाजूस हलका उतार दिला, तळाशी पाणी झिरपू देणारे जाड कापड अंथरले, त्यावर मिश्र आकाराची खडी थराथराने धुमसली आणि सर्वांत वर बारीक, धारदार कडांची खडी घातली. बागसामानाच्या दुकानांत मिळणारे गुळगुळीत गोल गोटे दिसायला सुंदर असतात, पण या कामाला ते निरुपयोगी आहेत. वाटाण्यांच्या ढिगात पाय रुतावा तसा स्लीपर त्यांत रुतत जातो, कारण गोल दगड एकमेकांत अडकत नाहीत. आमच्या शेजारच्या लेस्टरशायर परगण्यात माउंटसोरेलसारख्या ग्रॅनाइटच्या खाणी आहेत, त्यामुळे फोडलेल्या दगडाची खडी येथे सहज मिळते. कापड घातलेल्या भागात पहिल्या पावसाळी हिवाळ्यानंतरही खडी स्वच्छ राहिली आहे. झाडाच्या मुळांमुळे जेथे ते घालता आले नाही, तेथे मात्र गाडी गेली की स्लीपरखालून राखाडी चिखल वर येतो, आणि पाणी तुंबल्याची ती खूण ठरते.

पातळीबाबत एवढा काटेकोरपणा का, हे आकड्यांतून लगेच कळते. एका रुळाची उंची दुसऱ्यापेक्षा तीन मिलिमीटरने कमी झाली, तर 184 मिलिमीटरच्या गेजवर त्याचा तिरकेपणा भारतीय ब्रॉडगेजच्या 1676 मिलिमीटर रुंदीवर जवळजवळ 27 मिलिमीटरचा फरक पडावा इतका होतो. त्यात बसलेल्या माणसाचे वजन रुळांच्या रुंदीच्या मानाने फार उंचावर असते. सर आर्थर हेवूड यांनी एकोणिसाव्या शतकात छोट्या गेजचे प्रयोग केले, तेव्हा नऊ इंची गेज त्यांना पुरेसे स्थिर वाटले नाही आणि डर्बीशायरमधील डफिल्ड बँक येथे ते पंधरा इंचांवर गेले. एखादा जाडजूड पाहुणा वळणावर मागे वळून हात हलवू लागला की त्यांचा निर्णय मला मनोमन पटतो. एकसारखा उतार फारसा त्रास देत नाही. त्रास होतो तो मार्गाला पीळ पडला की, म्हणजे काही स्लीपरांच्या अंतरात डावा रूळ खचला आणि उजवा तसाच राहिला की. कारण अशा वेळी कडक बांधणीच्या बोगीचे, म्हणजे गाडीखालच्या चाकांच्या सांगाड्याचे, एक चाक अधांतरी राहते आणि त्याची कडा रुळावर चढते. हा पीळ शोधण्यासाठी अ‍ॅल्युमिनियमची एक सरळ पट्टी आणि तिच्यावर चिकटवलेली, तिरकेपणा आकड्यांत दाखवणारी डिजिटल लेव्हल पुरेशी आहे. ती दर दुसऱ्या स्लीपरवर आडवी ठेवून आकडे खडूने लिहीत जावे. शेजारच्या दोन आकड्यांत फरक दिसला की तेथे पॅकिंग करावे, म्हणजे स्लीपरखाली खडी ठासून भरावी.

उष्णतेचा प्रश्न मात्र अ‍ॅल्युमिनियमचा स्वतःचा आहे. तीन मीटरचा रूळ तापमान 40 अंशांनी वाढल्यास सुमारे 2.8 मिलिमीटर लांबतो. पोलादाचा त्याच्या निम्माच लांबतो. योगायोगाने एक पौंडाच्या सध्याच्या नाण्याची जाडीही 2.8 मिलिमीटर आहे, त्यामुळे थंडीत रूळ टाकताना प्रत्येक जोडात ते नाणे उभे धरून फट राखणे सोपे गेले. अडचण आली ती फिशप्लेटची, म्हणजे दोन रुळांची टोके जोडणाऱ्या पट्ट्यांची. पुरवठादाराने पाठवलेल्या पट्ट्यांची भोके गोल आणि घट्ट होती, त्यामुळे फट असूनही रूळ सरकेना. जुलैच्या एका कडक दुपारी बाहेरचे वळण बोटभर बाहेर फुगले. 2022 च्या जुलैत इंग्लंडमध्ये पारा 40 अंशांवर गेलेला असताना येथे विकल्या जाणाऱ्या जोडपट्ट्या अशा असाव्यात, याचे नवल वाटते. कानशीने भोके लांबट केली, बोल्ट हाताने फिरतील इतपतच आवळून त्यांना लॉकनट लावले आणि वळणाच्या बाहेर खडीचा खांदा, म्हणजे स्लीपरच्या टोकांपलीकडचा खडीचा थर, रुंद केला; तेव्हापासून मार्ग जागचा हललेला नाही.

वळणांसाठी रूळ नुसता हाताने वाकवून स्क्रूने दाबून धरणे पुरत नाही. मधला भाग वाकतो, टोके सरळच राहतात, आणि जोडाजवळ कोपरा तयार होऊन तेथे प्रत्येक वेळी चाक आदळते. तीन रोलरचे वाकवणी यंत्र उसने मिळाले तरी चालेल, पण टोकांपर्यंत वाक द्यावाच. आणखी एक हिशेब आधीच मांडून ठेवावा: पूर्ण वळशात बाहेरचा रूळ आतल्यापेक्षा सुमारे 1.16 मीटरने लांब लागतो, मग त्रिज्या कितीही असो. समान लांबीच्या रुळांची खरेदी करणाऱ्याला शेवटी तेवढा तुकडा कमी पडतो.

प्लॅस्टिकचे स्लीपर कुजत नाहीत, त्यांवर बुरशी धरत नाही, आणि लाकडासारखे ते फाटत नाहीत. पण तेही उन्हात प्रसरण पावतात, त्यामुळे कडक उन्हाळ्यात गेज हिवाळ्यापेक्षा अर्धा ते पाऊण मिलिमीटर अधिक भरते. गेजची तपासणी म्हणूनच मध्यम तापमानात करावी. आधी बारीक भोक पाडून घातलेले स्क्रू एकदाही सैल झालेले नाहीत.

रोजची निगा मामुली आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात ओली पाने चाकांखाली चिरडून रुळावर निसरडा थर बसतो, तो खरबरीत कापडाने पुसावा लागतो. अ‍ॅल्युमिनियमची काळी पूड हाताला आणि चाकांना लागते, तिचा काही इलाज नाही. हिरवळीतून जाणारा तुकडा रुळाचा माथा गवताच्या पातळीला येईल असा बसवला आहे, म्हणून गवत कापण्याचे यंत्र त्यावरून सरळ नेता येते.

पुढच्या वसंतात शेडकडे जाणारा फाटा टाकायचा आहे. त्याच्या सांध्यासाठी, म्हणजे गाडी एका मार्गावरून दुसऱ्यावर वळवणाऱ्या भागासाठी, मात्र पोलादी रूळ मागवले आहेत, कारण सांध्याच्या निमुळत्या पात्यावर चाकाची कडा सतत घासते आणि मऊ अ‍ॅल्युमिनियम तेथे लवकर झिजते. पोलाद जवळजवळ तिप्पट जड आहे आणि वापर नसताना गंजते, पण तेवढ्या दोन मीटरसाठी ते चालवून घेता येईल.