सीपीएल फिल्टर सोलापुरात किती कामाचा? मुख्यतः दगड आणि पाण्यासाठी

किट लेन्सवर (कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या लेन्सवर) लावायचा ५८ मिमीचा सर्क्युलर पोलरायझर, म्हणजे सीपीएल, बहुतेक जण आकाश निळंशार दिसावं म्हणून घेतात. सोलापुरात त्या एका कारणासाठी पैसे घालवू नयेत. मार्च ते मे हवेत धूळ असते. हा फिल्टर पोलराइज झालेला, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा उजेड अडवतो; धुळीतून विखुरलेला उजेड पोलराइज कमी होतो, त्यामुळे फिल्टर कितीही फिरवला तरी आकाश पांढुरकंच राहतं. पाऊस सरल्यावर, ऑक्टोबर ते जानेवारीत मात्र फरक ठसठशीत दिसतो.

खरा फायदा होतो तो चकाकी मारण्यात. भुईकोट किल्ल्याच्या काळ्या दगडावर सकाळचं तिरकं ऊन आलं की दगड राखाडी दिसतो आणि तटबंदीचे सांधे पुसट होतात. फिल्टर फिरवला की दगडाचा मूळ रंग परत येतो. कडुनिंबाच्या पानांचंही तेच, आणि पावसाळ्यात ओल्या फरशीवर तर हा फिल्टर नसेल तर पंचाईतच. धातूची चकाकी मात्र जात नाही; जुळे सोलापुरातल्या नव्या इमारतींच्या काचा साफ होतील, स्टीलचे कठडे तसेच चमकत राहतील.

पाण्याचं गणित जरा वेगळं. पाण्याकडे बघायची रेषा पृष्ठभागाच्या लंबाशी ५३ अंशांचा कोन करते तिथे प्रतिबिंब जवळजवळ नाहीसं होतं. कॅमेरा पाण्यापासून दीड मीटर उंच असेल तर ही जागा साधारण २ मीटर पुढे येते. म्हणून सिद्धेश्वर तळ्याच्या काठावरून पायाजवळचं पाणी काळपट हिरवं दिसतं आणि पलीकडे देवळाचं प्रतिबिंब बऱ्यापैकी शाबूत राहतं. एकाच चौकटीत असं दुभंगलेलं पाणी विचित्र वाटतं. प्रतिबिंब हाच फोटोचा विषय असेल तर रिंग पूर्ण परिणामापासून ९० अंश उलट फिरवा किंवा फिल्टर काढून ठेवा. कंबर तलावाच्या काठाची हिरवळ टिपताना मात्र पूर्ण परिणाम हवा.

दिशा ओळखायला तर्जनी सूर्याकडे धरा, अंगठा तिच्याशी काटकोनात ठेवा आणि मनगट फिरवा. अंगठा जिकडे जिकडे जाईल तिथलं आकाश सर्वांत गडद होईल. सकाळ-संध्याकाळी हा पट्टा उत्तर-दक्षिण आणि डोक्यावरून जातो. गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत, जानेवारीच्या मध्यात, मध्यान्हीचा सूर्य दक्षिणेला सुमारे ५१ अंशांवर असतो. मग उत्तरेकडे ३९ अंशांवरचं आकाश सर्वांत गडद. उंच नंदीध्वज (यात्रेतल्या मानाच्या काठ्या) आणि पांढऱ्या बाराबंद्या (पारंपरिक अंगरखे) उत्तरेकडे तोंड करून, खालून टिपायला ही वेळ उत्तम. संध्याकाळच्या मिरवणुकीत मात्र फिल्टर काढाच, कारण तो दीड ते दोन स्टॉप उजेड खातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). भर उन्हात आयएसओ १०० आणि एफ/८ ला शटरचा वेग १/४०० सेकंद येत असेल तिथे १/१२५ च्या आसपास उतरावं लागतं. पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित वास्तूत ट्रायपॉडला परवानगी लागते, त्यामुळे किल्ल्यात हा तोटा हातानेच सांभाळायचा.

१८ मिमीवर आकाशात मधे गडद आणि कडेला फिकट असा डाग पडतो. एपीएस-सी (फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर २४ मिमीच्या पुढे राहिलेलं बरं. हिप्परग्याच्या तलावाचा पॅनोरमा करायचा असेल तर फिल्टर नकोच, जोडलेल्या आकाशात पट्टे उठतात. कॅमेरा आडव्याचा उभा केला की रिंग पुन्हा जुळवावी लागते, हे हमखास विसरलं जातं. काही जुन्या १८-५५ लेन्सचं पुढचं तोंड फोकस करताना फिरतं. तिथे आधी फोकस, मग फिल्टर.

दुकानात पारख अशी करा. फिल्टरची आट्यांची बाजू आरशाकडे करा, एक डोळा मिटा आणि फिल्टरमधून आरशात बघा. आरशातल्या फिल्टरची काच काळी दिसली तर तो सर्क्युलर. उलटा धरल्यावरही काळी होत नसेल तर तो लिनिअर. डीएसएलआरचं मीटरिंग (उजेडाचं मोजमाप) आणि ऑटोफोकस त्याने फसू शकतं. मग व्हाइट बॅलन्स (रंगछटेची सेटिंग) कायम ठेवून कोऱ्या कागदाचे दोन फोटो घ्या, एक फिल्टरसह आणि एक फिल्टरशिवाय. पिवळट किंवा हिरवट झाक आली तर परत द्या. स्वस्तातल्या फिल्टरवर कोटिंग नसेल तर सूर्य चौकटीच्या जवळ आला की फोटो धुरकट होतो, म्हणून मल्टिकोटेड घ्यावा. लेन्सवर यूव्ही फिल्टर, त्यावर सीपीएल अशी उतरंड नको. कोपरे काळे होतात.

इथली धूळ रिंगमध्ये शिरली की ती कचकचते, कधी फिल्टर लेन्सवरच अडकतो. पकडीने आवळू नका, कडं वाकून आणखी घट्ट बसतं. कड्याभोवती रुंद रबरबँड गुंडाळा आणि हलक्या हाताने फिरवा.